तो लांडगा कुठून आला होता? (खुले पत्र)

प्रति,
महाराष्ट्रातील वन्यप्राणी, गवताळ जमिनी आणि रस्ते यांबाबत निर्णय घेणारे सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी नागपूरचा. एकतीस वर्षं पशुवैद्यक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझा सगळा जन्म शेळ्या, म्हशी आणि बैलांत गेला. घटसर्पाच्या लसी, अडलेल्या गाई, फुगलेली पोटं. त्यामुळे असा माणूस लांडग्यासाठी पत्र लिहितो हे वाचून कोणाला हसू आलं तर मला राग नाही. माझ्या धंद्यात लांडगा भेटायचा तो फक्त शेळीच्या मानेवरच्या चार खुणांच्या रूपाने.

पण मागच्या जानेवारीत तो मला अख्खा भेटला. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, चौपदरी रस्त्याच्या दुभाजकाला लागून मेलेला. सकाळचे साडेसहा वाजले असतील, थंडी मी म्हणत होती. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. नंतर जे घडलं त्यात एखाद्या हंगामी मजुराचीच नोकरी जायची, असं माझा अनुभव सांगतो.

सवयीने आधी तोंड उघडून पाहिलं. नर होता. पुढच्या दातांवरच्या तीन तीन पाकळ्या अजून शाबूत होत्या. कुत्र्यात त्या दोन-तीन वर्षांत झिजतात, तसंच लांडग्यात. म्हणजे वय दोनच्या आत-बाहेर. कातडीवर खरूज नाही, अंगावर जुन्या मारामारीचे वण नाहीत. पायाच्या गाद्या मात्र भेगाळलेल्या, आणि बोटांच्या बेचक्यांत कुसळी गवताची कुसळं खोलवर रुतलेली. हा गडी बरेच दिवस चालत होता. कुठून निघाला होता? सातपुड्यातून? यवतमाळच्या बाजूने? वाशिमकडून? रस्ता ओलांडून त्याला कुठे जायचं होतं?

तीन तासांनी वनखात्याची माणसं आली. चांगली वागली, खोटं कशाला बोलू. पंचनाम्यात आधी ‘लांडगासदृश कुत्रा’ लिहिलं होतं. मी वाद घातला तेव्हा ‘कुत्रा’ खोडला. मग लाकडं रचली. मी म्हटलं, जाळण्याआधी कानाचा एक तुकडा तरी जनुकांच्या तपासणीसाठी स्पिरिटमध्ये घालून ठेवा. उत्तर आलं, ‘कशाले सायेब? एक्सिडेंटचीच केस आहे.’

हे पत्र त्या उत्तरामुळे लिहितो आहे. उत्तर देणाऱ्याचं चुकलं नाही, त्याला शिकवलंच तसं आहे. मेलेल्या प्राण्याला आपण एकच प्रश्न विचारतो, कशाने मेलास? कुठला होतास, कोणाचा होतास, हे विचारायची पद्धतच नाही. आणि लांडग्याच्या बाबतीत आज तोच प्रश्न मोठा आहे.

का, ते मला एका शेळीवाल्याच्या तोंडून जास्त नीट सांगता येईल.

काटोल तालुक्यात माझे एक जुने काकाजी आहेत. साठ-सत्तर बेरारी शेळ्या. अक्षरओळख बेताची, पण दर दोन वर्षांनी ते बोकड बदलणार म्हणजे बदलणारच. बोकड कितीही देखणा असो, दोन तालुके पलीकडच्या कोणाशी तरी अदलाबदल करतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, एवढा चांगला नर का देता? ते म्हणाले, ‘बोकड दोन सालाच्या वर घरी ठेवला ना, तं त्याच्याच पोरी गाभण रायतात. मंग करडं ढिली निंगतात, दूध पेत नाहीत, पयल्या पावसात मरतात.’ कॉलेजात आम्हाला हेच ‘अंतःप्रजनन’ म्हणून एक सत्रभर शिकवलं होतं.

लांडग्यांत बोकड बदलून देणारा काकाजी नसतो. टोळी म्हणजे एक घर असतं: आई, बाप, यंदाची पिल्लं आणि मागच्या सालची मोठी झालेली. साधारणपणे पिल्लं होतात ती एकाच जोडीला. तरणी झालेली पोरं वर्ष-दोन वर्षांत घर सोडतात आणि नात्याबाहेरचा जोडीदार शोधत चालत सुटतात. दुभाजकापाशी पडलेला नर तेच काम करत होता. आपण ज्याला जाळलं तो कुठल्या तरी टोळीचा ‘बदली बोकड’ होता.

आता जरा हिशेब. समजा एखाद्या तुटक टापूत चाळीस लांडगे आहेत. ऐकायला बरे वाटतात. पण पाच-सहाची एक टोळी धरली तर टोळ्या सात-आठ, आणि पिल्लं घालणारे जीव पंधराएक. त्यांतले काही एकमेकांचे भाऊबंद, म्हणून दहाच धरू. जनुकशास्त्राचा नियम साधा आहे: पैदाशीत खरोखर भाग घेणारे दहा असतील, तर दर पिढीला कळपातल्या विविधतेचा विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के, गळून जातो. दहा पिढ्यांत चाळीस टक्के. लांडग्याची पिढी तीन-चार वर्षांची, तेव्हा हा खेळ तीस-चाळीस वर्षांचा. आणि या सगळ्या काळात गणतीच्या कागदावर आकडा चाळीसच राहू शकतो. दरवर्षी अहवाल जाईल, ‘संख्या स्थिर’. माझ्या शेळीवाल्याला हे करडाचे पाय पाहून कळतं. आपल्याला कशावरून कळणार?

यावर इलाजही तितकाच साधा आहे. दर पिढीला एखाद-दोन परके येऊन त्यांची पिल्लं जगली, तर ही गळती बरीचशी थांबते. एखाद-दोनच. त्यातला एक आपण त्या दिवशी जाळला असेल.

हे पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटाचं पाहा. सुपीरियर सरोवरातलं हे बेट. १९४०च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून काही लांडगे चालत तिथे पोचले आणि वसले. १९८०पर्यंत पन्नास झाले होते. मग कुत्र्यांचा पार्वो हा जीवघेणा रोग बेटावर पोचला, बहुधा कोणाच्या तरी पाळीव कुत्र्याबरोबर, आणि दोन वर्षांत चौदा उरले. पुढे ते सावरेनात. १९९७ साली एक नर बर्फावरून एकटाच आला. अभ्यासकांनी त्याचं नाव ‘म्हातारा राखाडी गडी’ अशा अर्थाचं ठेवलं. तो आला आणि कळपात जान आली. पण पुढे परका दुसरा कोणी आला नाही. हिवाळे उबदार होत गेले, बर्फाचे पूल क्वचितच जमू लागले. त्या एका नराचंच रक्त सगळ्या बेटावर पसरलं आणि त्याचेच वंशज आपसात जुळू लागले. पाठीच्या मणक्यांत जन्मजात दोष दिसू लागले. २०१६च्या सुमारास दोनच लांडगे राहिले, बाप आणि मुलगी. ती दोघं एकाच आईची लेकरंसुद्धा होती. त्यांचं एकही पिल्लू टिकलं नाही. शेवटी २०१८ आणि २०१९मध्ये बाहेरून एकोणीस लांडगे आणून सोडावे लागले.

स्वीडन-नॉर्वेची गोष्ट याच्या उलट बाजूची. तिथला कळप १९८०च्या दशकात एका जोडीपासून सुरू झाला आणि दहाच्या आसपास अडकून राहिला. १९९१मध्ये पूर्वेकडून एकच नर आला, आणि कळप वाढू लागला.

बेटाला निदान पाणी तरी होतं. आपल्याकडे बेटं आपण रस्त्यांनी, कालव्यांनी, एमआयडीसीच्या भिंतींनी तयार करतो आहोत.

‘लांडगे काय, सगळीकडेच आहेत’ असं कोणी म्हणेल, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. भारतात २०२२च्या अंदाजानुसार वाघ ३,६८२. भारतीय लांडगे साधारण तीन हजार, म्हणजे वाघाहून कमी. महाराष्ट्रात ते सुमारे चारशे, आणि तेही सोलापूर, पुणे, नगर, मराठवाडा, विदर्भ असे विखुरलेले. दुसरं, हा लांडगा युरोप-अमेरिकेतल्या लांडग्याची बारकी आवृत्ती नाही. २००४मधल्या अभ्यासात त्याची शाखा सुमारे चार लाख वर्षांपूर्वी वेगळी झाल्याचं दिसलं. २०२१मध्ये पूर्ण जनुकसंच वाचून झालेल्या अभ्यासाने, ज्यात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे बिलाल हबीबही होते, त्याला जगातल्या सर्वांत जुन्या लांडगा-वंशांत बसवलं. तो संपला तर पोलंड किंवा कॅनडातून आणून भरपाई होणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तर सांगून झाली. आपण लांडगे मोजतो, त्यांची नाती मोजत नाही. हे जमत नाही असंही नाही. ओडिशातल्या सिमिलिपालचे वाघ एकटे पडले, आपसात जुळत गेले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे काळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळले. ते जनुकांच्या तपासणीत सिद्ध झालं आणि २०२४मध्ये आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी तिकडे पाठवल्या गेल्या. झीनतने तर झारखंड, बंगालपर्यंत फेरफटका मारून सगळ्यांना पळवलं. म्हणजे ‘रक्त बदललं पाहिजे’ हे शास्त्र महाराष्ट्राला उत्तम कळतं. फक्त ते पट्टेवाल्या प्राण्यापुरतंच कळतं.

दुसरी तक्रार जमिनीची, आणि इथे मला थोडं जास्त बोलू द्या. ‘झुडपी जंगल’ हा शब्द पूर्व विदर्भाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातून १९५६ साली तो आपल्याबरोबर इकडे आला. बोर, हिवर, तरवड, मधूनमधून पळस, आणि खाली कुसळी, मारवेल, पवन्या. गुरं चारायची, सरपण आणायची जागा. दप्तराला ती ओसाड वाटते. लांडग्याचं ते घर आहे, आणि टोळीपासून टोळीपर्यंत जायची पायवाटही. त्याला दाट सागवान नको असतं. लांबवर दिसेल असा माळ, दुपारी पडायला झुडूप आणि पिल्लांसाठी नाल्याच्या काठची घळ, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल हे कायद्याच्या दृष्टीने वनच आहे असा निकाल दिला. मला आनंद झाला, आणि लगेच धास्तीही वाटली. कारण आपल्याकडे ‘वन’ म्हटलं की खड्डे खणणं आलं. पर्यायी वनीकरणासाठी ही जमीन सहजासहजी वापरता येणार नाही, अशी अट त्याच निकालात आहे. ती अट वाचली जावी, एवढंच म्हणतो.

धास्ती उगाच नाही. माझ्या ओळखीच्या एका माळावर, जिथे तीन वर्षांपूर्वी मी लांबून घळीच्या तोंडाशी खेळणारी चार पिल्लं पाहिली होती, तिथे गेल्या पावसाळ्याआधी जेसीबी आला. सलग समतल चर खणले गेले, दीड-दीड फुटाचे खड्डे दोरी लावल्यासारखे. निळी पाटी लागली. एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा करंज आणि कडुनिंबाच्या काटक्या वाळून उभ्या होत्या, चरांच्या मातीखाली गवत गाडलं गेलं होतं आणि घळीचा काठ ढासळला होता. झाडही जगलं नाही, माळही गेला. कोणत्या यंत्रणेचं काम, ते लिहीत नाही. अशा पाट्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

तिसरी, रस्ते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले, सर्वांत लांब ७५० मीटरचा. भांडून मिळाले, पण मिळाले, आणि त्याखालून वाघ जातात. समृद्धी महामार्ग, नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा, दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. तो वर्धा, अमरावती, वाशिमच्या मोकळ्या माळांतून, कारंजा-सोहोळसारख्या काळविटांच्या मुलखाजवळून जातो. त्यावरही प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या आहेत. त्या वाटांवरून लांडगा गेला का? किती वेळा? ही माहिती लोकांसमोर कोणी ठेवेल का? शिवाय दाट जंगलाबाहेरच्या चौपदरी रस्त्यांचं काय? तिथे वाघाचा मार्ग नाही म्हणून काहीच नाही.

चौथी, कुत्री. ती माझ्याच खात्याच्या अंगावर येते, म्हणून आधी स्वतःला दोष देतो. गावाबाहेर मेलेली ढोरं आणि कोंबडीच्या दुकानांचा कचरा पडतो, तिथे पन्नास-पन्नास कुत्री जमतात. त्यांच्याकडून डिस्टेंपर, पार्वो, रेबीज हे रोग लांडग्यांकडे जायला वेळ लागत नाही. गीरमध्ये २०१८ साली सिंह डिस्टेंपरने मेले, हे फार जुनं नाही. आणि ज्या तरण्या नराला लांडगीण भेटत नाही, तो कुत्रीशी जुळतो. पुण्याजवळ असा संकर झाल्याचं २०२३मध्ये जनुकांच्या तपासणीतून सिद्ध झालं आहे. एकटेपणा जेवढा वाढेल तेवढं हे वाढणार.

पाचवी, शेळीवाले. नुकसानभरपाईच्या यादीत लांडगा आहे, त्याबद्दल धन्यवाद. ४८ तासांत कळवायची अटही समजू शकतो. पण काकाजी म्हणतात, ‘लांडगा येते, नेते एखादी. नाही म्हनत नाही मी. पन पैसे याले दोन दिवाया जातात.’ काकाजी विष घालणार नाहीत, शेजारचा घालेल. आणि विष घातलेल्या एका शेळीवर अख्खी टोळी जेवते. २०२४मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लहान मुलं गेली. ती भीती खोटी नाही, कोणी तिची टिंगल करू नये. पण अशा वेळीसुद्धा जखमेतल्या लाळेचा नमुना घेतला तरच हल्ला लांडग्याचा, कुत्र्याचा की संकराचा हे कळतं. इथेही गाडी पुन्हा त्या नमुन्याच्या बाटलीपाशीच येऊन थांबते.

मागण्या फार नाहीत.

१. राज्यात कुठेही, कशानेही मेलेल्या प्रत्येक लांडग्याचा ऊती-नमुना जाळण्याआधी घेणं सक्तीचं करा. विष्ठा आणि केसांचे नमुने गोळा करून विदर्भातल्या टोळ्यांची नाती एकदा नीट मांडा. निष्कर्ष मराठीत जाहीर करा. घळींचे पत्ते मात्र जाहीर करू नका.

२. झुडपी जंगल आणि गायरानांवर खड्डा खणण्याआधी तिथे गवत काय आहे, घळ आहे का, हे पाहिल्याची नोंद असू द्या. चांगला माळ हेच तिथलं काम पूर्ण झालेलं समजा.

३. नव्या रस्त्यांच्या आराखड्यात माळावरच्या प्राण्यांच्या वाटाही धरा, आणि आहेत त्या भुयारी मार्गांवरची लांडग्यांची नोंद दरवर्षी द्या.

४. लांडग्यांच्या टापूतल्या गावांत कुत्र्यांचं लसीकरण आणि मेलेल्या ढोरांची विल्हेवाट, दोन्ही पशुसंवर्धनाबरोबर मिळून करा. संकर आहे की नाही हे रंगावरून ठरवू नका, तपासणीवरून ठरवा.

५. शेळीची भरपाई तीस दिवसांत.

एक गोष्ट मात्र मागत नाही. लांडग्यांसाठी छोटंसं अभयारण्य करून पाटी लावू नका. कर्नाटकाने कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला असं एक केलं आहे. हेतू चांगला आहे. पण एका टोळीला फिरायला शंभर-दीडशे चौरस किलोमीटरही लागू शकतात, आणि ते अभयारण्य त्याच्या जवळपासही जात नाही. पिंजऱ्यात वाढवून सोडू, हा उपायही इतक्यात काढू नका. मेक्सिकन लांडगा सात जनावरांपासून पुन्हा वाढवावा लागला, त्याची किंमत ते अजून मोजताहेत. आपल्याकडे अजून चालत येणारे नर आहेत. त्यांना येऊ द्या.

त्या सकाळी लाकडं पेटायच्या आधी मी त्याच्या मानेवरच्या केसांना हात लावला होता. चिमूटभर केस खिशात घालून आणावेत असं वाटलं. पण वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधल्या प्राण्याचा केस बाळगणंही गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. हात मागे घेतला. जे मला कायद्याने करता येत नव्हतं, ते समोर उभ्या असलेल्यांना करता येत होतं.

म्हणून घरी आल्यावर एक काम केलं. झाकण घट्ट बसणाऱ्या पन्नास छोट्या बाटल्या आणल्या, प्रत्येकीवर लेबल चिकटवलं: तारीख, ठिकाण, नर की मादी, दातांची झीज. आत अजून काही नाही. स्पिरिट भरायला परवानगी लागेल तर ती तुमची. कुठे पोचवू, तेवढं कळवा. पेट्रोल माझं.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
नागपूर